मधली पट्टी

रविवार, २१ सप्टेंबर

मिताली पडली! चांदणीवरून. माझ्या डोळ्यांदेखत!

गळ्याजवळचं डावं हाड मोडलं, दोन बरगड्यांना चीर. डॉक्टर म्हणाले, डोक्याला हेल्मेट होतं म्हणून निभावलं. नसतं तर? नको. पुढचं लिहीत नाही.

काय झालं ते एकदा लिहून काढतो, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

सकाळी साडेसातला हंबीररावांच्या तबेल्यावर गेलो. दर रविवारी जातो, तसाच. इथे बडोद्यात समा-सावली रोडच्या आत त्यांनी सहा घोडी ठेवलीत. पोरापोरींना बसायला शिकवतात, लग्नसराईत वरातीलाही देतात. मिताली रोज नोकरीवर जायच्या आधी तासभर तिथे. सत्तावीस वर्षांची झाली पण घोडं म्हटलं की पाच वर्षांची होते. चांदणी तिची लाडकी. काठियावाडी जात, दोन्ही कानांची टोकं एकमेकांना टेकणारी.

आणि चांदणीच्या पाठीवर मी केलेलं खोगीर. रिफायनरीतून रिटायर झाल्यावर हातात घेतलेलं पहिलं मोठं काम. आमच्या घरी पणजोबांचं — सुभानरावांचं — खोगीर आहे. गायकवाडी फौजेत शिलेदार होते, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला. त्या खोगिराच्या मापाबरहुकूम, जसंच्या तसं केलं आणि अक्षय्य तृतीयेला लेकीला दिलं. पाच महिने झाले.

गेल्या रविवारी खोगीर उचलून बघितलं तर खाली निळं जाडजूड स्पंजचं पॅड! मी म्हटलं, "हे काय कोंबलंयस? काढ ती खोगीरभरती. आपल्या खोगिराला हवंय कशाला?" आज पॅड नव्हतं. ऐकते पोरगी माझं.

पाच तारखेला मंडळात माझं व्याख्यान आहे, खोगिराच्या इतिहासावर. त्यात दाखवायला व्हिडिओ हवा होता. मी कुंपणाशी मोबाइल धरून उभा. ती आपली हळूहळू, कदम चालीनं. मी ओरडलो, "अगं, चौखूर सोड की! वरात आहे का?" तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. हसली. मग टाच मारली. पन्नास पावलं गेली असेल-नसेल, चांदणीनं पाठ उचलली, मागचे पाय झाडले — आणि माझी पोरगी हवेत.

खोगीर मात्र जागचं तसूभर हललं नाही. हे मला त्या क्षणीही दिसलं. लिहायला लाज वाटते, पण दिसलं.


सोमवार, २२ सप्टेंबर

दवाखान्यात. मिताली शुद्धीत, बोलते, पाय हलवते. देवा, तुझे उपकार!

पहिलं वाक्य काय बोलली? "चांदणीची चूक नाही, बाबा."

मी म्हटलं, "मग कोणाची?"

"माझी."

अशी ही. लहानपणी मांजरानं ओरबाडलं तरी म्हणायची, मीच शेपटी ओढली. पण माझं डोकं तापलंय. ती घोडी माझ्या पोरीच्या जिवावर उठली होती!


मंगळवार, २३ सप्टेंबर

तबेल्यावर जाऊन आलो. फार बोललो. बोललो ते बोललो.

हंबीरराव खुर्ची पुढे करत होते, मी बसलोच नाही. म्हटलं, "हंबीरराव, ही घोडी इथे राहिली तर मी पोलिसात जाणार. उद्या दुसऱ्या कोणाचं पोर पाडेल." बिचारे हात जोडायला लागले. "जनार्दनराव, तोंडातून शब्द काढू नका. तबेला बंद पडेल माझा." मग ठरलं. अमरेलीकडचा कोणी दलाल आहे. तीन तारखेला टेंपो घेऊन येईल, चांदणीला घेऊन जाईल. पुढे ती कुठे जाईल, कोणाच्या गाडीला जुंपतील, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

शिकवणारी रूपाली मध्येच म्हणते, "काका, एकदा ते खोगीर —" मी तिथेच तोडलं. "माझ्या खोगिराला नावं ठेवायची नाहीत! शंभर वर्षांपूर्वीच्या शिलेदाराचं माप आहे ते. तुझ्या त्या पुस्तकातलं नाही." काल-परवाची पोर, मला खोगीर शिकवते!

घोडी कोपऱ्यात उभी होती. रूपालीनं तिच्या पाठीवर नुसतं कापड टाकलं तरी अंग चोरून खाली वाकली. कापडसुद्धा सहन होत नाही महाराणींना. खोडकर म्हणजे किती!


गुरुवार, २५ सप्टेंबर

मितालीला घरी आणलं. खाली सोसायटीत गरबा जोरात. शेजारच्या बेन विचारून गेल्या, "बेबीने केवुं छे हवे?" पोरीला आता कसं आहे, म्हणून. कांचन, पोरीची आईच ती, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगत बसली.

मिताली म्हणाली, "बाबा, चांदणी खाते का नीट?" मी सांगून टाकलं. तीन तारखेला जाणार म्हणून.

रडली. हाड मोडलं तेव्हा नव्हती रडली. मी उठून गॅलरीत गेलो.


शनिवार, २७ सप्टेंबर

व्याख्यानाची वही घेऊन बसलो. त्यानं जरा बरं वाटतं.

काय गंमत आहे या विषयात! आधी माणूस उघड्या पाठीवर. मग एक घोंगडी. मग गवत नाहीतर केस भरलेली गादी. हजारो वर्षं एवढ्यावरच चाललं. बसणारा सगळा भार घालायचा तो घोड्याच्या कण्यावर, आणि घोडं थोड्या वर्षांत कामातून जायचं. मग कोणाच्या तरी डोक्यातून लाकडी सांगाडा निघाला. कण्याच्या दोन्ही अंगांना दोन फळ्या, पुढे-मागे कमानी. रोमन लोकांच्या खोगिराला तर चार कोपऱ्यांत चार शिंगं! बसणारा त्यांत घट्ट अडकायचा. पाय अडकवायची रिकीब तोवर नव्हतीच. आपल्याकडे सांचीच्या शिल्पात पायाचा अंगठा अडकवायला दोरीचं कडं दिसतं. दोन्ही पायांची लोखंडी रिकीब चीनकडून फिरत फिरत आली. मग इंग्रज त्यांचं चपटं जीन घेऊन आले, आणि आमच्या बडोद्याच्या पागेत दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी टांगलेल्या असत, असं आजोबा सांगायचे.

आणि आता माझा हुकमाचा पत्ता. सुभानरावांच्या खोगिराला दोन फळ्यांच्या मध्ये तिसरी पट्टी आहे! कातड्यानं मढवलेली, पुढून मागपर्यंत सरळ. किती पुस्तकं, किती चित्रं, किती फोटो पाहिले. कुठे नाही. रोमनांकडे नाही, अरबांकडे नाही, इंग्रजांकडे नाही. वहीत दोनदा अधोरेखित केलंय — "मधली पट्टी : जगात फक्त आपल्याकडे." याच वाक्यावर टाळ्या पडणार. ती पट्टी मी मितालीच्या खोगिरालाही दिली, अगदी मिलिमीटरचा फरक न ठेवता.


सोमवार, २९ सप्टेंबर

मिताली जेवत नाही. भाकरी नुसती चिवडते.

"बाबा, पाच तारखेपर्यंत थांबवा ना टेंपो. तुमचं व्याख्यान होऊन जाऊ दे. मग बोलू."

"व्याख्यानाचा न् घोडीचा काय संबंध?"

"तसं नाही —"

"तीन म्हणजे तीन."

कांचन स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, एवढं काय लागून गेलंय? दोन दिवसांनी काय होणार आहे?" सगळं घर एका जनावराच्या बाजूनं. मी एकटा माझ्या पोरीच्या बाजूनं!


बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

काय लिहू.

दर वर्षी आजच्या दिवशी आमच्या घरात पणजोबांची तलवार, पट्टा आणि खोगीर यांची पूजा असते. खोगीर वर्षभर देवघराशेजारी एका लाकडी बाकड्यावर असतं. पूजा झाली की घरातल्या प्रत्येकानं त्यावर एकदा बसायचं, अगदी तान्ह्या पोरालासुद्धा टेकवायचं. घोडा जाऊन ऐंशी-नव्वद वर्षं झाली, पण शिलेदाराच्या घरात जन्मलेलं माणूस घोड्यावर बसलं पाहिजे, म्हणून.

मी बसलो. कांचन बसली. मितालीचा हात गळ्यात बांधलेला, ती मागे सरकली. तर कांचन म्हणते, "ये गं मितू, नुसती टेक. इथून नाही पडायचीस. मामंजींनी कधीच बंदोबस्त करून ठेवलाय."

मी विचारलं, "कसला बंदोबस्त?"

"अहो, ती पट्टी नाही का!"

"कुठली पट्टी?"

"खालची. मितू अडीच-तीन वर्षांची होती. नवमीला तिला बसवलं तर खोगीर बाकड्यावर डुगडुगलं आणि पोर धाडकन खाली. कपाळाला खोक पडली. तुम्ही तेव्हा कोयलीला, रिफायनरीत शटडाऊनच्या ड्यूटीवर, वीस दिवस घरी पत्ता नाही. मामंजींनी दांडिया बाजारातून सुतार बोलावला आणि मधली फट बुजवून घेतली. वरून जुनं कातडं लावलं, दिसायला बरं म्हणून. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं! मला!

आप्पांनी — माझ्या वडिलांनी — नातीसाठी केलं. सपाट बाकड्यावर खोगीर बसावं म्हणून. बाकड्यासाठी! घोड्यासाठी नाही!

खोगीर उलटं केलं. कातड्याची कड उचकटली. आत कारखान्यातले तारेचे खिळे, दांडिया बाजारच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसले. पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढली मी, आणि कातड्यावरून हात फिरवून म्हणालो, वा, काय जुनं काम आहे!

मिताली दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.


गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सकाळी फाफडा-जलेबी आणली. कोणाला कळू नये म्हणून नेहमीसारखीच आणली.

मग गॅलरीचं दार लावून गुडघ्या-हातांवर घोडा झालो. कांचनला म्हटलं, "पणजोबांचं खोगीर माझ्या पाठीवर ठेव."

"सणासुदीचं वेड लागलंय का तुम्हाला?"

"ठेव म्हणतो ना! आणि दोन्ही हातांनी दाब. सगळं वजन टाक."

तिनं दाबलं. आई गं! पट्टी बरोबर मणक्यांवर. दोन्ही बाजूंच्या फळ्या अधांतरी, पाठीला लागतसुद्धा नाहीत. दहा सेकंदांत मी ओरडलो, "काढ, काढ!" आणि ही साठ किलोची बाई नुसती हातांनी दाबत होती. चांदणीच्या पाठीवर माझी पोरगी बसायची, उसळायची. वर पोटाखालून तंग आवळलेला. खोगीर जागचं हललं नाही म्हणून मी खूश होतो. हलणार कसं? रुतलं होतं!

सांगाडा कशासाठी निघाला? मधली जागा मोकळी राहावी म्हणून. माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय. माणसांनी किती शतकं घालवून जी जागा मोकळी ठेवली, ती मी बुजवली आणि वर दोनदा अधोरेखित केली.

संध्याकाळी सोनं द्यायला मिताली आली. एका हातानं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, पायाला हात लावायला वाकायला लागली, मी थांबवलं. म्हणाली, "बाबा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

मी म्हटलं, "मग बोलू." आणि चपला घालून खाली गेलो. घोडीनं पाडलं म्हणून गावभर सांगितलं मी. आता कुठल्या तोंडानं सांगू की पाडलं ते मी? दोन तास सोसायटीच्या फाटकाशी उभा राहिलो. भित्रा आहेस, जनार्दन. शिलेदाराचा पणतू म्हणे!

उद्या टेंपो येणार.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

गेलो.

रिक्षा मिळेना, स्कूटरवर गेलो. पोचलो तर टेंपोची फळी खाली पाडलेली आणि चांदणी फळीवर पाय ठेवायला तयार नाही. दोन माणसं पुढून ओढतायत, एक मागून काठीनं ढोसतोय. मी स्कूटर तशीच आडवी टाकली. "थांबा! सोडा तिला!"

दलाल म्हणतो, "काका, घोडी लई जवानी छे के नई?"

"नथी लई जवानी! नाही न्यायची!"

सगळ्यांसमोर सांगितलं. हंबीरराव, रूपाली, ती टेंपोवाली माणसं. बाकडं, आप्पा, सुतार, पट्टी, सगळं. मध्ये थांबलो असतो तर परत बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात. रूपालीनं चांदणीच्या पाठीवरचे केस बाजूला केले. मणक्यावर वीतभर सूज. मध्ये रुपयाएवढी दोन टक्कलं, त्यावर खपली. दहा दिवसांपूर्वी रूपाली हेच दाखवत होती, आणि मी तिचं तोंड बंद केलं.

हंबीररावांनी पुढे होऊन ती सूज बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "जनार्दनराव, मी या घोडीला बारा दिवस शिव्या घातल्या. बापजाद्यांपासून घोडी सांभाळतो आम्ही, आणि पोलिसाच्या भीतीनं तिची पाठ नाही बघितली." दलालाला टेंपोचं भाडं देऊन परत पाठवलं. मी द्यायला गेलो तर घेतलं नाही.

चांदणीच्या मानेवर हात ठेवला. तिनं मान काढून घेतली. बरोबर आहे तिचं.

घरी येऊन मितालीसमोर बसलो आणि तिलाही सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल, किंचाळेल. नाही. "बरं झालं, बाबा," एवढंच म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून बसली. तिला धक्का कसा बसला नाही? गोळ्यांची गुंगी असेल. तिनं भाकरी खाल्ली मात्र. दीड.


रविवार, ५ ऑक्टोबर

व्याख्यान झालं. साठ-सत्तर माणसं होती. घोंगडी, गादी, सांगाडा, रिकीब, सगळं क्रमानं सांगितलं. शेवटी पणजोबांचं खोगीर टेबलावर उलटं ठेवलं, पक्कड घेतली आणि सर्वांदेखत ती पट्टी उपटली. चार खिळे निघाले, ते पहिल्या रांगेत फिरवले. पट्टी निघाल्यावर खाली सुभानरावांच्या वेळची मोकळी जागा दिसली. तळहात उभा राहील एवढी. किती नेटकं काम होतं ते!

मग म्हटलं, "मंडळी, हे ज्यानं केलं त्याला घोडा माहीत होता. मला फक्त बाकडं माहीत होतं." टाळ्या पडल्या की नाही, लक्षात नाही. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "आमच्या घरीही एक खोगीर आहे, पूजेचं. आज जाऊन उलटं करून बघतो."

मिताली पहिल्या रांगेत होती. माझ्याकडे बघून हसली. तसं हसताना तिला आधी कुठे तरी बघितलंय, असं सारखं वाटतंय.


रविवार, १२ ऑक्टोबर

माझं खोगीर आणायला तबेल्यावर गेलो. मोडून टाकायचं, म्हणून. चांदणीची सूज उतरली आहे.

खोगीर उलटं केलं आणि तसाच उभा राहिलो. पाच महिने रोज घातलेलं कातडं असं कोरं राहत नाही. घामाचा डाग जेमतेम. रिकिबीच्या वादीवर एकाच भोकाशी वळ, तोही पुसट.

रूपालीला विचारलं. आधी टाळत होती. मग म्हणाली, "रोज कुठे, काका? रोज ती तबेल्याचंच जीन घालायची. तुमचं फक्त रविवारी. तुम्ही यायचात म्हणून. खाली पॅड, आणि कदम चालीच्या पुढे कधी नाही. मी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं तिला, हे बरोबर बसत नाही, बाबांना सांग. म्हणाली, मला कळतंय गं, पण त्यांचं व्याख्यान तेवढं होऊन जाऊ दे."

पॅड मी काढायला लावलं. चौखूर सोड, असं मी ओरडलो. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि हसली.